राणीच्या मध्ये बोलायचं नाही

मी अंबडच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात आहे. बोल्टपासून बेअरिंगपर्यंत जे लागेल त्याची कोटेशनं मागवायची, शेजारी शेजारी ठेवून बघायची, वरच्यांची सही घ्यायची. हे आधी सांगते, कारण आमच्या कॉलनीतल्या जयंतीच्या कार्यक्रमासाठी मी जे नाटक लिहिलं ते नाटक नव्हतंच, ती खरेदीची फाइल होती, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. त्याला त्यात पोर्तुगालच्या राजाचं काम होतं आणि बोलायला एकच शब्द होता, त्यामुळे त्याचं मत मी फार मनावर घेत नाही.

एप्रिलच्या त्या आठवड्यात आमच्याकडे रोज संध्याकाळी विहारामागच्या मैदानात काही ना काही असतं. एक दिवस नाटकांचा. आदल्या वर्षी चार गल्ल्यांनी एकच नाटक बसवलं होतं. चौथ्या वेळी प्रेक्षक संवाद पात्रांच्या आधी म्हणत होते. म्हणून या वर्षी समितीने विषय ठरवला, जगाचा इतिहास, आणि चिठ्ठ्या टाकल्या. शेजारच्या गल्लीला फ्रेंच राज्यक्रांती निघाली. आम्हाला निघालं ‘युरोपीय सागरी सफरी व राजाश्रय’. आमची गल्ली हिरमुसली. राज्यक्रांतीत आरडाओरडा असतो, मुंडकी उडतात. राजाश्रयात काय, अर्ज असतो.

मला मात्र बरं वाटलं. अर्ज मला कळतात.

मुलीचं जुनं इतिहासाचं पुस्तक काढलं, बाकीचं दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वाचलं. तो जगप्रसिद्ध खलाशी वाचता वाचता ओळखीचा वाटायला लागला. असला माणूस माझ्या टेबलापुढे दर आठवड्याला येतो. हातात फाइल, डोळ्यांत चमक, आणि म्हणतो, मॅडम, हाच माल मी तुम्हाला अर्ध्या अंतरावरून आणून देतो. हा म्हणत होता, पश्चिमेकडून गेलं की हिंदुस्थान जवळ आहे. त्याचा हिशेब साफ चुकलेला होता. पोर्तुगालच्या राजाच्या जाणकारांनी अंतर तपासलं आणि सांगितलं, हे जमत नाही. त्यांचं बरोबर होतं! मग हा स्पेनला गेला. तिथेही समिती, तिथेही वर्षानुवर्षं बाहेर बसवणं. वर याच्या अटी काय, तर मला आरमारप्रमुख करा, सापडेल त्या मुलखाचा कारभारी करा, आणि नफ्यातला दहावा हिस्सा द्या. आमच्या कारखान्यात असल्या माणसाला वॉचमननेच परत पाठवला असता. राणीने मंजूर केलं.

लोक सांगतात की राणीने त्यासाठी अंगावरचे दागिने गहाण टाकायची तयारी दाखवली. वाचलं तर त्याची वेळच आली नव्हती. दरबारातल्या एकाने पैशाची जुळवाजुळव केली. एका बंदराच्या गावाला सरकारी दंड झालेला होता, त्याच्या बदल्यात गावाने जहाजं द्यायची असा हुकूम निघाला. म्हणजे नाव राणीचं, पैसा दुसऱ्याचा, जहाजं तिसऱ्याची. आमच्या कॉलनीतला मांडवही असाच उभा राहतो, त्यामुळे हा भाग सगळ्यांना लगेच पटला.

समितीत फक्त एका आजोबांनी हात वर केला. "त्या माणसाने पुढे तिकडच्या लोकांचं काय केलं, ते ठाऊक आहे ना? आपल्या स्टेजवर त्याला हार घालायचा नाही."

मी म्हटलं, "हार नाही. नाटक जहाज सुटतं तिथेच संपतं. आणि राणीच्या भाषणात शेवटचं वाक्य असं घालते, की तिकडे जी माणसं भेटतील ती माणसं आहेत, गुलाम नाहीत, हे लक्षात ठेव."

"राणी असं म्हणाली होती?"

"नाही. आपली म्हणेल."

"मग ते वाक्य झालंच पाहिजे," आजोबा म्हणाले. "त्या वाक्यावर परवानगी."

आता राणी कोण? इथे माझी धाकटी जाऊ पुढे आली. ती कधी कशासाठी पुढे येत नाही, म्हणून मी जरा दचकलेच. ती सटाण्याची, आमच्या कॉलनीच्या अंगणवाडीत शिकवते. हुशार आहे, पण बोलते सावकाश. वाक्य सुरू करते, मध्ये थांबते, योग्य शब्द शोधते, मग पुढे जाते. आमच्या घरात तेवढा दम कोणाला नाही. तिने "आज दुपारी..." म्हटलं की सासूबाई "लाइट गेली होती" म्हणून मोकळ्या होतात. माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, तिच्या वाक्याचा शेवट आधीच सांगतो आणि वर "हो ना?" असं तिलाच विचारतो. मी वेगळी नाही. मला सकाळी सात दहाची कंपनीची बस असते. तिच्या माहेरीही हेच. तिचे वडील कांद्याच्या लिलावात भाव पुकारतात, त्यांच्यापुढे कोणाचंच वाक्य पूर्ण होत नाही. अंगणवाडीतली मुलं तेवढी तिचं शेवटपर्यंत ऐकतात.

ती मला म्हणाली, "ताई, राणीच्या... मध्ये... कोणी..."

"बोलत नाही," मी म्हटलं.

"हो. मग मी करते."

तिचं भाषण एक पानाचं होतं. तेवढं पान, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सगळ्यांसमोर, कोणी मध्ये तोंड न घालता. तिला एवढंच हवं होतं, आणि तिने ते मला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तर मी वाक्यही पूर्ण करू दिलं.

खलाशाचं काम दिराकडे गेलं, कारण त्याला मिशा होत्या आणि त्याने मागितलं. तालमी आमच्या हॉलमध्ये. पहिल्याच दिवशी अडलं. राणीने म्हणायचं होतं, "ऊठ खलाशा, तुझं म्हणणं मी ऐकलं." समोर गुडघ्यावर नवरा, दिवाणावर सासूबाई. जाऊ म्हणाली, "उठा... अहो खलाशी..."

"तू म्हण," मी म्हटलं.

"ताई, आई बसल्यात."

सासूबाई म्हणाल्या, "आणि हा हिच्या पाया का पडतोय? हिलाच म्हणा याच्या पाया पडायला."

"आई, ती राणी आहे."

"असू दे. नवरा तो नवराच."

दीर गुडघ्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "वहिनी, मला पण वाटतं की खलाशाने उभ्यानेच मागावं. स्वाभिमानी वाटतो." मग मी दोघांनाही सांगितलं की राणीसमोर बसायचं नसेल तर शेजारच्या गल्लीत मुंडकं उडवून घ्यायला माणसं कमी पडतायत. तो बसला. पण जाऊचं "अहो" काही शेवटच्या तालमीपर्यंत सुटलं नाही.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी आमची तयारी चोख होती. जहाज म्हणजे भाजीवाल्याची हातगाडी. दोन्ही बाजूंना फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे, मध्ये बांबू, बांबूला डबल बेडची चादर. राणीचा झगा म्हणजे आमच्या हॉलचा पडदा, रिंगा काढून. सिंहासन म्हणजे प्लास्टिकची खुर्ची आणि वर लाल कापड. जाऊचे वडील सटाण्याहून मुद्दाम आले होते आणि पहिल्या रांगेत सासूबाईंच्या शेजारी बसले होते. त्यांच्या पलीकडे प्रमुख पाहुणे, म्हणजे आमचे नगरसेवक.

माइकवर एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका होते. त्यांचा आवाज मागच्या दारापर्यंत जातो आणि त्यांना बक्षीस जाहीर करायची दांडगी हौस. आमच्याकडे गाण्याच्या कार्यक्रमात रीत अशी आहे, की गाणं आवडलं की माणूस उठतो, नोट माइकवाल्याच्या हातात देतो आणि माइकवाला गाणं तिथल्या तिथे थांबवून नाव पुकारतो. थांबवायलाच लागतं. देणारा तिथेच उभा राहून बघत असतो, आणि नोट हातात ठेवून गाणं चालू दिलं तर तो त्याचा अपमान. आदल्या संध्याकाळीच गाणी झाली होती. लोकांचे हात अजून खिशात होते. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी चादरीच्या गाठी तपासत होते.

पहिला प्रवेश पोर्तुगालच्या दरबाराचा. खलाशी अर्ज करतो, राजा "नामंजूर" म्हणतो, खलाशी निराश होऊन स्पेनला जातो. दोन मिनिटांचं काम. पण दिराने समोर भरलेलं मैदान पाहिलं आणि त्याच्या अंगात आलं.

"महाराज!" त्याने हात पसरले. "तीनच जहाजं मागतो. रात्री झोप लागत नाही, ताटात अन्न गोड लागत नाही. घरी माझी म्हातारी आई दारात वाट बघते, की माझ्या लेकराला कोणीतरी जहाज देईल!"

यातलं एक अक्षरही मी लिहिलेलं नव्हतं.

माझा नवरा ताठ बसून म्हणाला, "नामंजूर."

पहिल्या रांगेतून सासूबाई ओरडल्या, "दे रे त्याला! सख्खा भाऊ आहे तुझा!"

"आई, नाटक आहे," पोर्तुगालचा राजा म्हणाला.

"लहानपणी सायकल पण दिली नव्हतीस!"

मैदान हसलं. सासूबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी कमरेची पिशवी उघडली, शंभराची नोट काढली, चालत माइकपाशी गेल्या आणि कंडक्टर काकांच्या हातात दिली. काकांनी क्षणभरही वेळ घालवला नाही. "खलाशाच्या मातोश्रींकडून, खलाशाला, जहाजासाठी, शंभर रुपये! टाळ्या!"

जाऊचे वडील उठले. आता हे सोयरिकीचं प्रकरण झालं होतं. मुलाच्या आईने शंभर दिले आणि जावयाला सासऱ्याने काहीच नाही, असं सटाण्याला परत जाऊन कसं सांगणार? त्यांनी दोनशे दिले. नुसते दिले नाहीत, लिलावाच्या सवयीने मागे वळून विचारलं, "दोनशे! पुढे कोण?" पुढे कोण म्हटल्यावर पुढे लोक आले. रिक्षावाले आले, दवाखान्यातल्या सिस्टर आल्या, ज्या आजोबांनी खलाशाला हार घालायचा नाही म्हणून सांगितलं होतं तेही नातवाच्या हाताने पन्नास पाठवून मोकळे झाले. काका नावं पुकारत होते, खलाशी प्रत्येकाला वाकून नमस्कार करत होता, आणि राजा तोंडातल्या तोंडात "नामंजूर, नामंजूर" म्हणत होता, कारण त्याच्याकडे दुसरा शब्द नव्हता.

शेवटी दिराच्या दोन्ही मुठी नोटांनी भरल्या. तो प्रेक्षकांकडे वळला. "राजाने दिलं नाही, पण जनतेने दिलं! आता कशाला हवी राणी? निघालो मी!" आणि उडी मारून हातगाडीवर चढला.

टाळ्यांचा कडकडाट. लोकांच्या दृष्टीने नाटक संपलं होतं.

मी पडद्यामागे होते, शेजारी जाऊ. डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट, अंगावर आमचा पडदा, ओठ अजून पाठ केलेलं पुटपुटत होते. तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई... माझी..."

"पाळी गेली," मी म्हटलं. "काय करणार आता, त्याला मी घरी बघते."

"ताई, माझी... खुर्ची कुठे ठेवलीय, ते विचारत होते."

खुर्ची तिच्या मागेच होती. तिने ती उचलली, स्वतः स्टेजवर नेली आणि हातगाडीच्या बरोबर पुढे ठेवून तीवर बसली. जहाजाला पुढे जायला जागा राहिली नाही.

"हे जहाज..." ती म्हणाली.

"निघालं!" काका माइकवर म्हणाले.

ती थांबली. त्यांच्याकडे बघत राहिली, काका माइक खाली करेपर्यंत. मग पहिल्यापासून सुरू केलं. "हे जहाज... कोणाच्या बंदरात उभं आहे?"

दिराने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. "तुमच्या," तो म्हणाला.

"मग... खाली उतर."

तिने "उतर" म्हटलं होतं, आणि समोर सासूबाई बसल्या होत्या. दीर उतरला. मला वाटतं तो विचार न करता उतरला, नाहीतर उतरला नसता.

"हे पैसे... राणीच्या खजिन्यात जमा कर."

"अगं, ते त्याचं बक्षीस..." सासूबाई अर्ध्या उठल्या.

"राजमाता," जाऊ म्हणाली, "तुमचं... नंतर."

राजमाता म्हटल्यामुळे असेल, सासूबाई बसल्या. त्यांनी पदरही सारखा केला. दिराने नोटा तिच्या ओटीत ओतल्या आणि मग, बहुधा सवयीने, गुडघ्यावर बसला.

"आता माग," राणी म्हणाली.

"मला तीन जहाजं..."

"मिळतील," राणीने त्याचं वाक्य तोडलं. "पुढे?"

"मला एक पदवी..."

"दिली. पुढे?"

"आणि नफ्यातला..."

"दहावा हिस्सा. हो ना?"

मागच्या रांगेतल्या बायकांना हे सगळ्यांत आधी कळलं. तिथून जी शिट्टी आली ती बाईचीच होती.

मग तिने भाषण सुरू केलं. सावकाश, जिथे थांबायचं तिथे थांबत. दर्याबद्दल, वाऱ्याबद्दल, ज्याचा हिशेब चुकलेला आहे अशा माणसालाही कधी कधी पाठवून बघावं लागतं याबद्दल. ते मी लिहिलेलं होतं, पण तिच्या तोंडी मला ते फाइलसारखं वाटलं नाही. निम्मं पान झालं आणि तिचे वडील राहवेना म्हणून उठले. "मन्ही पोर शे ती!" त्यांनी मैदानाला सांगितलं आणि पाचशेची नोट फडकवत माइककडे निघाले. काकांचा हात आपोआप माइककडे गेला. "सटाण्याहून आलेले..."

जाऊने हात वर केला. "आबा," ती म्हणाली, "खाले बठा."

आबा जागच्या जागी थांबले. मागे बघितलं, आपल्यालाच म्हणतेय का. मग नोट तशीच हातात धरून खाली बसले. तीस वर्षं लिलाव पुकारलेला माणूस.

"काका, तुम्ही पण... बसा."

काका म्हणाले, "मला खुर्ची नाही." पण माइकजवळच, जमिनीवर, बसले.

पान पूर्ण झालं. शेवटचं वाक्य तिने सगळ्यांत सावकाश म्हटलं. "तिकडे जी माणसं भेटतील... ती माणसं आहेत. गुलाम... नाहीत. हे लक्षात ठेव." आजोबांनी मान हलवली. मी पडद्याची दोरी हातात घेतली.

"आणि..." राणी म्हणाली.

आणि काही नव्हतं. पान संपलं होतं.

"आणि दागिने मी गहाण टाकणार नाही. आठ दिवस... कॉलनीत जो तो मला तेच विचारतोय." टाळ्या. "गोडं पाणी किती घेतलंस? स्वयंपाक कोण करणार? भांडी... कोण घासणार?" दीर म्हणाला, त्याचा विचार केलेला नाही. "कर," राणी म्हणाली. मग ती पाण्यावरून विहारामागच्या गळक्या नळावर आली, नळावरून अंगणवाडीवर. अंगणवाडीतला पंखा मागच्या उन्हाळ्यापासून बंद आहे, मुलं घामाने भिजतात, तीनदा सांगितलं आणि तीनही वेळा समोरच्याने वाक्य अर्ध्यात तोडून ‘बघू’ म्हटलं. हे सगळं ती प्रमुख पाहुण्यांकडे बघून बोलली. पाहुण्यांनी तोंड उघडलं. राणीने हात वर केला. त्यांनी मिटलं.

"पंखा... मंजूर?" तिने शेवटी विचारलं.

पाहुण्यांनी मान डोलावली. बोलायची हिंमत त्यांना झाली नसावी. त्यांचं स्वतःचं भाषण त्या दिवशी झालंच नाही, कारण राणीचं संपेपर्यंत उपमा थंड झाला होता आणि लोक ताटं घेऊन उभे होते. मग तिने खुर्ची बाजूला घेतली, पोर्तुगालच्या राजाने मागून धक्का दिला आणि जहाज निघालं. उतारावर ते जरा जास्तच निघालं आणि थेट फ्रेंच राज्यक्रांतीच्या सामानात घुसलं. दोन पुठ्ठ्याची मुंडकी त्यांना नवीन करावी लागली.

पंखा पुढच्या आठवड्यात आला. पैसे निम्मे समितीने दिले, निम्मे राणीच्या खजिन्यातून गेले, आणि पात्यांवर नाव पाहुण्यांचं आहे. फिरायला लागला की दिसत नाही. खजिन्यात उरलेल्याचं काय झालं ते दीर अजून विचारतो. जाऊ सांगायला सुरुवात करते, पण तो शेवटपर्यंत थांबत नाही, म्हणून त्याला अजून कळलेलं नाही. मला माहीत आहे. मी थांबले होते.

थांबायला मी शिकले ती दुसऱ्याच दिवशी सकाळी. मी डब्यात पोळ्या भरत होते, बसला दहा मिनिटं होती. जाऊ ओट्यापाशी आली. "ताई, आज भाजी..."

"मेथी..." माझ्या तोंडून अर्धं निघालं. तिने हात वगैरे काही वर केला नाही. नुसती बघत उभी राहिली. सासूबाई दिवाणावरून काहीतरी म्हणणार होत्या, त्यांनीही चहाचा कप तोंडाला लावला.

मी डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिले. बराच वेळ गेला.

"...वांग्याची केलीय. मीठ थोडं कमी आहे, वरून घ्या," ती म्हणाली.

बस चुकली. रिक्षाने गेले.